तात्यांची दुसरी चावी

गाडीचा रिमोट घेऊन येणारा प्रत्येक माणूस सगळ्यात आधी सांगतो की तो पाण्यात पडलेला नाही. मी अजून काही विचारलेले नसते. एक गृहस्थ असेच सांगत होते आणि मी रिमोटचे झाकण उघडले, तर आतून साबणाचा फेस आला.  त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "पाण्यात कुठं पडलाय, पँटीत होता. पँट पाण्यात होती."

मी श्रीरामपुरात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि दोन वर्षांपासून रोज दुपारी दोन ते सहा जोसेफकाकांच्या चावीच्या दुकानात गाड्यांचे रिमोट दुरुस्त करते. दिवाळी अंकासाठी कामाचे अनुभव लिहून द्या असे सांगितले गेले, तेव्हा मी आधी नाही म्हणाले होते. अशा अंकांत लिहिणारी माणसे तीस-पस्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेली असतात. माझी दोनच वर्षे झाली आहेत आणि त्यातले पहिले सहा महिने मी फक्त काउंटर पुसत होते. तरी लिहिते आहे, कारण पुणतांब्याच्या तात्यांची गोष्ट मी सोडून कोणी नीट सांगत नाही. तात्या सांगतात तेव्हा त्यात चमत्कार येतो आणि काका सांगतात तेव्हा त्यात काका येत नाहीत.

माझे आईवडील पाथर्डी तालुक्यातले. दिवाळीनंतर ते ऊसतोडीला कारखान्यावर जातात. घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेले नाही, त्यामुळे मी नक्की काय शिकते आणि काय काम करते हे सांगताना माझी पंचाईत होते. वडिलांना बरेच दिवस वाटत होते की मी टीव्हीचे रिमोट दुरुस्त करते. एकदा फोनवर मी समजावून सांगितले की टीव्हीचे नाही, चारचाकी गाडीचे. ते म्हणाले, "गाडीला रिमोट कशाला? ती काय बाजंवर बसून चालवायची हाय?"  

जोसेफकाकांचे दुकान जुने आहे. काका कानस आणि अंगठा यांच्या जोरावर चावी बनवतात. कुलपात कोरी चावी घालून फिरवतात, बाहेर काढून उजेडात धरतात आणि तिच्यावर उमटलेल्या बारीक खुणा बघून घासायला बसतात. त्यांच्या हातची चावी परत आलेली मी पाहिलेली नाही. पण रिमोटच्या चाव्या आल्या तेव्हा त्यांनी त्या हातात घ्यायलाच नकार दिला. "चावीला सेल लागतो म्हंजी ती चावी न्हाई, ती बॅटरी हाय," असे त्यांचे म्हणणे होते. आमच्याकडे हातात धरायच्या टॉर्चला बॅटरी म्हणतात.

मी काउंटर पुसत असताना अशी माणसे परत जाताना बघायची. एकदा एकांचा रिमोट मी भीत भीत उघडला, सेलखालची गंजलेली पत्री ब्लेडने खरवडली, आणि तो चालला. मग मी काकांना कोपऱ्यात एक टेबल मागितले. काकांनी दिले, पण अट घातली.

"एकच गिऱ्हाईक तीनदा तक्रार घेऊन आलं, की टेबल उचलायचं."

"आणि मी, काका?"

"चाव्या घासायला मी हाय की."

म्हणजे टेबल गेले की माझे कामही गेले, आणि त्या कामावरच माझे श्रीरामपुरात राहणे अवलंबून होते. मी हो म्हणाले. तीनदा कोण परत येणार, असे तेव्हा वाटले होते.

हे काम बाहेरच्या माणसाला फार अवघड वाटते. तसे ते नाही. रिमोटच्या पोटात एक नाण्यासारखा सेल असतो, दोन-तीन बटने असतात आणि बोटाएवढी एक पट्टी असते. बटन दाबले की ती पट्टी हवेतून गाडीला ठरलेला निरोप पाठवते: उघड, किंवा बंद हो. गाडी आपलाच निरोप ओळखते. म्हणून आधी सेल बघायचा, मग सेलला चिकटणारी पत्री, मग बटनाखालचा रबर, मग बटनाचा सुटलेला शिशाचा टाका. यातले काहीच नसेल तर गाडीपाशी जाऊन रिमोटची आणि गाडीची ओळख पुन्हा करून द्यायची. माझ्याकडे काडेपेटीएवढी एक डबी आहे. जवळ कोणता रिमोट निरोप पाठवत असेल तर तिचा लाल दिवा लागतो. एवढीच माझी विद्या. बाकीचे काम दात घासायच्या ब्रशने होते.

ब्रश सगळ्यात जास्त दसऱ्यानंतर लागतो. खंडेनवमीला लोक हत्यारांची पूजा करतात, आणि हल्ली गाडीच्या चावीला हत्यार समजतात. दिवसभर मी बटनांच्या फटीतून हळद-कुंकू आणि अक्षता काढते. एका काकूंनी रिमोटला पंचामृताने रीतसर आंघोळ घातली होती. बटन दाबले की ते आतच राहायचे आणि बोट उचलले की बोटाबरोबर वर यायचे. मी म्हणाले, "काकू, आत मध गेलाय." त्या म्हणाल्या, "आणि तूप. तूप घरचं आहे." एक सर दोनदा आले, रिमोट दूरवरून चालत नाही म्हणून. दुसऱ्यांदा मी त्यांच्याबरोबर बाजारात गेले, तर ते मन लावून दुसऱ्याच पांढऱ्या गाडीवर बटन दाबत होते. त्यांची स्वतःची पांढरी गाडी चार गाड्या सोडून, दर दाबण्याला दिवे मिचकावून, हो हो म्हणत होती.

असे सगळे सुरळीत चालले होते, आणि मग तात्या आले.

तात्यांचा पुणतांब्याला पेरूचा बाग आहे. दर सोमवारी ते टेम्पोत पेरू घालून श्रीरामपूरच्या बाजाराला येतात. त्यांनी एक जुनी पांढरी गाडी विकत घेतली होती. आधीच्या मालकाने तिला बाहेरून रिमोटचे स्वस्त कुलूप आणि चोर आला तर वाजणारा भोंगा बसवून घेतला होता. पहिल्या सोमवारी तात्या पेरूंची पिशवी आणि रिमोट एकदमच काउंटरवर ठेवून म्हणाले, "ह्यानं गाडी उघडत न्हाई. चावी घालून उघडली तर भोंगा वाजतोय. सारं गाव माज्याकडं बघतंय."

मी बघितले. सेल अगदी अशक्त झाला होता. नवा घातला, डबीचा दिवा लख्ख लागला. काका आपल्या जागेवरून म्हणाले, "घरी दुसरी चावी हाय का? मग तिलाबी सेल न्या. एक जुना, एक नवा असं कधी ठिऊ नये. सेल जोडीनंच बदलायचे." मी तात्यांना दोन सेल दिले.

पुढच्या सोमवारी तात्या परत आले. या वेळी पेरू जरा हिरवे होते.

"मंगळवारी बंद. बुधवारी बंद. गुरुवारी आपोआप बरा झाला."

"आपोआप?"

"दत्ताचा वार हाय ना."

मी रिमोट उघडून ब्रशने घासला, बटनांचे टाके नव्याने लावले. दिवा लख्ख. मंगळवारी-बुधवारी बंद पडला म्हणजे सेलची पत्री ढिली असेल, असे समजून सेलही नवा दिला. काका म्हणाले, जोडीनं. ही पहिली तक्रार.

तिसऱ्या सोमवारी तात्या गाडीच घेऊन आले. दारातून ढकलत वळणापर्यंत आणली की ती निमूट उघडते, असे ते म्हणाले. त्यासाठी ते आता हँडब्रेक लावतच नव्हते, चाकाला दगड लावत होते. आमच्या दुकानासमोर गाडी एखाद्या शहाण्या विद्यार्थ्यासारखी वागली. दहा वेळा उघडली, दहा वेळा बंद झाली. मी तिची आणि रिमोटची ओळख पुन्हा करून दिली. तात्या म्हणाले, "एका जाणकारानं सांगितलं, गाडीचं तोंड पूर्वेला करा. केलं. आता गोठ्यात जायला वाट न्हाई आन भोंगा हाय तसाच." ही दुसरी तक्रार. जाताना जोडीने सेल.

चौथ्या सोमवारी पिशवीतले पेरू इतके कच्चे होते की ते काउंटरवर ठेवल्याचा आवाज झाला.

"ह्या बुधवारी तर उलटंच," तात्या म्हणाले. "गाडी बंदच होईना. मी बंद करायचा, ती उघडायची. मी बंद, ती उघडी. शेवटी दोरीनं दार बांधून ठिवलं. म्हशीला बांधत न्हाई मी आसं."

मी रिमोट हातात घेऊन उभी राहिले. तो चांगला होता. त्यात दुरुस्त करण्यासारखे काही उरलेच नव्हते. मी काकांकडे पाहिले नाही, पण त्यांची कानस थांबली होती.

"तीन झाल्या," काका म्हणाले.

"काय तीन?" तात्यांनी विचारले.

"आमचं आमचं हाय." मग काका माझ्याकडे वळले. "उद्या मंगळवार. उद्या बिघडनारच हाय ना? मग उद्या तिकडं जा. गाडीसमोर हुबी ऱ्हा. बरा करून आलीस तर ठीक. न्हाईतर परवा टेबल उचलू."

ते रागाने बोलले नाहीत, त्यामुळे मला जास्त वाईट वाटले. तात्या निघताना मी सवयीने त्यांच्या हातात दोन सेल ठेवले.

मंगळवारी मी कॉलेज बुडवून सकाळच्या पॅसेंजरने पुणतांब्याला गेले. तात्या स्टेशनवर सायकल घेऊन आले होते. "गाडी बंद हाय," त्यांनी कारण सांगितले. माझी अवजारांची पिशवी कॅरिअरला लावून आम्ही दोघे चालत निघालो. वाटेत एकाने विचारले, "तात्या, आज वाजला न्हाई अजून?" तात्या पुढे बघत चालत राहिले.

घर रस्त्याला लागूनच होते. अंगणात गाडी पूर्वेकडे तोंड करून, चाकाला दगड लावून उभी होती. मी रिमोट दाबला. काही नाही. जवळ जाऊन दाबला, काचेला लावून दाबला. काही नाही. तात्या म्हणाले, "आता चावीनं दावतो." मी नको म्हणेपर्यंत त्यांनी दार उघडले होते. भोंगा इतक्या जोरात वाजला की माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. पलीकडच्या घरातून एका बाईचा आवाज आला, "तात्या, शाळंची वेळ झाली का ओ?"

"न्हाई," तात्यांनी ओरडून सांगितले. "श्रीरामपूरच्या म्याडम आल्यात."

मला आजवर कोणी मॅडम म्हटले नव्हते. पहिल्यांदा म्हटले ते भोंग्याच्या आवाजात.

भोंगा दमून थांबल्यावर मी गाडीच्या बॉनेटला टेकून विचार केला. रिमोट चांगला आहे. गाडी चांगली आहे. वळणापाशी दोघांचे जमते, दुकानासमोर जमते, फक्त इथे जमत नाही. मग बिघाड या जागेत असणार. वर्गात सरांनी शिकवले होते की एकाच वेळी दोघे एकाच सुरात बोलले तर ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. मी डबी बाहेर काढली. मी कोणतेही बटन दाबलेले नव्हते, तात्यांचे हात रिकामे होते, आणि डबीचा लाल दिवा मिणमिणत होता.

इथे दुसरे कोणीतरी बोलत होते.

मी डबी धरून गोठ्याकडे गेले, दिवा विझला. परत ओसरीकडे आले, लागला. ओसरीच्या पायऱ्यांवर आणखी लागला. तात्या माझ्यामागून चालत होते आणि आवाज न करता पाय टाकत होते, जणू काही आम्ही ससा पकडणार होतो. ओसरीवर तात्यांची आई बसली होती. वय ऐंशीच्या पुढचे, पण नजर चांगली. माझ्या हातातल्या डबीकडे बघून त्या म्हणाल्या, "मीटर बाहीर हाय, बाई. घरात न्हाई."

"मीटर नाही आजी, मी रिमोट बघायला आलेय."

"रिमोट त्याच्या खिशात असतोय. माज्या घरात कशाला बघती?"

 दिवा स्वयंपाकघराकडे वाढत होता. चुलीपाशी गेले, तिथे थोडा कमी झाला. उजवीकडे वळले, आणि तो इतका लख्ख लागला की माझ्या बोटांवर लाल उजेड पडला. समोर देव्हारा होता.

आजी मागोमाग आल्या. "आंगुळ केली हाय का?"

"हो, आजी."

"कवा?"

"साडेपाचला."

"मंग ऱ्हा हुबी. पन देवाला हात लावायचा न्हाई."

देव्हाऱ्यात मधोमध पितळेचा खंडोबा होता, घोड्यावर बसलेला, चांगला जड. मी डबी लांबूनच त्याच्याजवळ नेली. मला बोलायची भीती वाटत होती. आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या देवावर आरोप करणार होते.

"आजी, देवाखाली काही ठेवलंय का?"

"ठिवलंय की," आजी सहज म्हणाल्या. "गाडीची दुसरी चावी."

तात्यांनी कपाळाला हात लावला नाही, पण हात तिथपर्यंत गेला होता.

आजींनी देव उचलला. खाली लाल फडके, त्यावर आजी ज्याला चावी म्हणत होत्या तो दुसरा रिमोट. घोड्याचा मागचा पाय त्याच्या बंद करायच्या बटनावर उभा होता. पाय उचलला तसा माझ्या डबीतला दिवा विझला. तात्या तसेच अंगणात पळाले. बाहेरून गाडी उघडल्याचा खट्ट आवाज आला, मग बंद झाल्याचा, मग उघडल्याचा. ते बराच वेळ आत आले नाहीत.

सगळे उलगडले. आजी रोज सकाळी देव उचलून पुसायच्या आणि परत चावीवर ठेवायच्या. घोड्याचा पाय बहुतेक वेळा बंदच्या बटनावर पडायचा, आणि मग तो रिमोट गाडीला सारखे बंद, बंद, बंद असे सांगत राहायचा. तात्यांचा रिमोट बिचारा त्यात काय बोलणार? त्या बुधवारी पाय उघडायच्या बटनावर पडला असणार, म्हणून दोरी लागली. नव्या गाड्यांचे रिमोट असे करत नाहीत, बटन दाबून धरले तरी थोड्या वेळाने आपले आपण गप्प बसतात. हा स्वस्तातला होता, तो सेल संपेपर्यंत बोलायचा. दोन दिवसांत सेल संपायचा. म्हणून गुरुवारी शांतता.

आणि दर सोमवारी त्याला नवा सेल आम्ही पाठवत होतो.

हे माझ्या लक्षात आले तेव्हा मी देव्हाऱ्यासमोर खाली बसले. आजींना वाटले मी नमस्कार करते आहे. त्यांनी माझ्या हातावर साखर ठेवली.

तात्या आत आले. "आई, दर सोमवारी सेल घालून चावी तुज्याकडं कपाटात ठिवायला देतोय मी. देवाखाली कशाला ठिवली?"

"गाडी कुनी नेऊ ने म्हनून. खंडोबा सोता घोड्यावर असतोय. वाहनाचं त्याला कळतंय."

"आगं, महिना झाला मला गाडीत बसू देईना त्यो."

"मंग? राखायला सांगितली हुती. राखली."

 मी सुचवले की रिमोटमधला सेल काढून घेऊ आणि रिमोट तसाच देवाखाली ठेवू. आजींनी विचारले, "सेल काढल्यावर ती चालंल का?" मी म्हणाले, नाही चालणार. "मेलेली चावी देवाखाली ठिवू व्हय?" त्या म्हणाल्या. शेवटी दुसरा रिमोट तात्यांनी कपाटात ठेवला आणि देव नुसत्या लाल फडक्यावर बसला. आजी नाराज दिसल्या. तात्यांनी मला गाडीत बसवून स्टेशनवर सोडले. वाटेत त्यांनी दोनदा गाडी थांबवली, खाली उतरले, बंद केली, उघडली आणि परत बसले. उतरताना त्यांनी पेरूंची पिशवी दिली. पेरू पिवळे होते.

परतीच्या पॅसेंजरमध्ये मला आनंद व्हायला हवा होता. पण मी सारखी एकच गोष्ट घोळवत होते. काकांना काय सांगायचे? बिघाड सापडला, देवाखाली चावी होती, एवढे सांगितले तर टेबल राहणार होते. सगळा दोष घोड्यावर गेला असता. पण सेल जोडीने बदलायचा नियम काकांचा होता, आणि दुसरा सेल कुठे जातो हे मी एकदाही विचारले नव्हते. चार सोमवार मी स्वतःच्या हाताने दुखणे पुरवले आणि चार सोमवार त्यावर औषध दिले. काकांना हे सांगायचे म्हणजे काकांना चुकीचे म्हणायचे. त्यांनी मला काउंटर पुसण्यापासून टेबलापर्यंत आणले होते. चितळीचे स्टेशन गेले, श्रीरामपूर आले, तरी माझे ठरत नव्हते.

दुकानात शिरले तेव्हा काका एका कपाटाची चावी घासत होते. "झालं?" त्यांनी विचारले.

"झालं," मी म्हणाले, आणि मग सगळे सांगितले. घोडा, बटन, साखर, आणि शेवटी सेल. सेलबद्दल सांगताना माझा आवाज इतका लहान झाला की काकांनी "काय?" म्हणून विचारले आणि मला ते परत सांगावे लागले.

 काकांनी हातातली चावी आधी पुरी घासली. मग त्यांनी खणातून त्यांची जुनी टॉर्च काढली आणि तिच्याकडे पाहिले.

"बॅटरीला जोडीनंच लागत्यात," ते म्हणाले.

"हो काका. बॅटरीला."

"रिमोटला?"

"एकच लागतो. आणि दुसऱ्या रिमोटचा याच्याशी काही संबंध नसतो."

"हं." त्यांनी टॉर्च खणात ठेवली. "आमच्या घरी बी दुकानाची दुसरी चावी येशूच्या फोटूमागं हाय. पन तिला बटन न्हाई." त्यांनी खण लावला. "मग ह्या तीन तक्रारी कुनाच्या नावावर?"

मी माझ्या टेबलाकडे बघितले. 

"दोन माज्या," काका म्हणाले. "एक तुजी. इचारलं न्हाईस म्हनून. टेबल राहू दे."

तेव्हापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी विचारते, दुसरी चावी कुठे असते? हा प्रश्न मला वाटला होता तितका साधा निघाला नाही. एक गृहस्थ म्हणाले, "हळू बोला." एका बाईंनी नवऱ्याकडे बघितले आणि नवऱ्याने छताकडे बघितले. एका म्हाताऱ्या मास्तरांनी सांगितले की दुसरी चावी गाडीतच असते, म्हणजे गाडी बंद झाली तर हाताशी असावी.

पुढच्या सोमवारी पेरूचा टेम्पो दुकानासमोर थांबला. तात्यांच्या शेजारच्या सीटवर आजी होत्या. त्यांना उतरवायला दोन माणसे लागली, पण दुकानात त्या एकट्या चालत आल्या.

"देव मोकळ्यावर बसत न्हाई," त्या म्हणाल्या. "सवय झालीया त्याला. बिनबटनाची चावी करून द्या. पन गाडीचीच पायजे. भलत्याच कुलपाची देवाला देऊन फसवायचं न्हाई."

काकांचा चेहरा उजळला. बिनसेलाची, बिनबटनाची, नुसती चावी. त्यांनी तात्यांची चावी घेतली, एक कोरी चावी निवडली आणि कापायच्या यंत्राकडे सरकले.

"तू न्हाई," आजी म्हणाल्या. "हिच्या हातची. शोधलं कुनी?"

त्या यंत्राला दोन वर्षांत मी फक्त फडके लावले होते. काका कोणालाच त्यावर बसू देत नाहीत. ते काही क्षण आजींकडे बघत राहिले. आजीही बघत राहिल्या. मग काका स्टुलावरून उठले.

"आज आंगुळ?" आजींनी मला विचारले.

"झालीय, आजी."

यंत्रात एका बाजूला जुनी चावी धरायची, दुसऱ्या बाजूला कोरी, आणि जुनीच्या खाचांवरून खूण फिरवत न्यायची की कोरीवर तशाच खाचा पडतात. बघायला सोपे असते.  मधल्या एका खाचेपाशी यंत्र थोडे उडाल्यासारखे मला वाटले. काका तेव्हा मुद्दाम रस्त्याकडे बघत होते. मी चावी त्यांच्या हातात दिली. त्यांनी अंगठा फिरवला, एका जागी थांबले, परत फिरवला.

"गाडीला लावून बघा," ते तात्यांना म्हणाले. "एखादी खाच कमीजास्त वाटली तर परत आना. लाजू नका."

आजींनी चावी पदराच्या टोकात बांधली.

त्यानंतरच्या सोमवारी तात्या आले तेव्हा पेरू पिवळे होते आणि तक्रार नव्हती. मी विचारले, "तात्या, ती चावी लावून बघितली का?"

"आई लावू देत न्हाई. म्हनती, देवाची चावी दारात घालून उष्टी करायची न्हाई."

म्हणजे माझ्या हातची पहिली चावी पुणतांब्याला खंडोबाच्या घोड्याखाली आहे आणि ती लागते की नाही हे कोणालाही माहीत नाही. काका म्हणतात, परत आली नाही म्हणजे बरोबर आहे. मला मात्र ती मधली खाच आठवते. एकदा तिकडे जाऊन पाच मिनिटे ती दारात घालून बघावी असे फार वाटते. मी तात्यांकडे आडून चौकशी केली. तो एक सोमवार सोडला तर आजी बाहेरगावी कुठे जात नाहीत.